ह्यांना पास करणारी माणसं

आमच्या वसाहतीत सगळे म्हातारे. ग्रेटर नोएडाच्याही पुढं, जिथं मेट्रो संपते आणि मग ई-रिक्षा मिळाली तर मिळाली, अशा ठिकाणी सरकारनं बांधलेली ही एकेका खोलीची घरं. सोडतीत आमचा नंबर लागला, तेव्हा मयूर विहारची भाड्याची जागा सोडून आम्ही दोघं इथं आलो. सकाळी हॉलमध्ये भजन, मग खुर्चीवर बसून योगा, दुपारी पत्ते, संध्याकाळी अंताक्षरी. नव्या माणसाला वाटावं, काय मजा आहे! मजा आहेच. फक्त इथं राहायचं तर आपलं आपल्याला करता आलं पाहिजे. ज्याला जमत नाही त्याची रवानगी रस्त्यापलीकडच्या इमारतीत. तिथं नर्स आहेत, खाटा आहेत, रात्री उठून बघणारं माणूस आहे. नवरा-बायकोपैकी एक तिकडं गेला तर दुसऱ्यानं दुपारी भेटायला जायचं. त्या इमारतीला सगळे ‘उस पार’ म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात.

मला ह्यांना उस पार पाठवायचं होतं. सांगून टाकते एकदाचं.

हे म्हणजे माझा नवरा. ऑफिसातून आले की बूट काढून माझ्याशेजारी मटार सोलायला बसणारा माणूस. आता गॅस सुरू करतात आणि लायटर कुठं ठेवला ते शोधत घरभर हिंडतात. रात्रभर फेऱ्या. पांघरूण ओलं, गादी ओली, आणि जानेवारीच्या धुक्यात इथं साधा रुमालसुद्धा वाळत नाही. एकदा मी बाथरूममध्ये असताना ह्यांनी बाहेरून कडी घातली आणि विसरून गेले. मी दार बडवून बडवून हात सुजवून घेतले. हॉलमधल्या भजनाच्या स्पीकरपुढं माझा आवाज कुणाला ऐकू जाणार, डोंबल! शेवटी ह्यांनाच बाथरूमला जायचं झालं म्हणून माझी सुटका झाली. त्या ओल्या फरशीवर बसून मी ठरवलं, आता बास. माझ्याच्यानं होत नाही.

पण बोलणार कुणाशी? मुलगी बंगळूरला. ती फोनवर ‘आई, बाबांना तिथं नको ना ठेवूस, प्लीज’ म्हणते आणि मग तिची मीटिंग सुरू होते. वसाहतीत बोलावं तर लोक तोंडात शेण घालतील. म्हणून मी गप्प राहून तपासणीची वाट बघत होते. जानेवारीत दिल्लीहून एक साहेब आणि एक डॉक्टर येतात, हॉलमध्ये टेबल मांडून एकेकाला बोलावतात. खोलीचा नंबर सांगा, स्वेटरची बटणं लावा, चहा करून दाखवा. उस पारच्या खाटा तेव्हाच दिल्या जातात, एरवी कितीही ओरडा. ह्यांना यातलं एकही जमणार नव्हतं. मला तोंड उघडावंच लागणार नव्हतं. ते नापास होतील, मी चारचौघांत डोळे पुसेन, ह्यांची बॅग भरून देईन आणि त्या रात्री झोपेन. मला झोप हवी होती हो, दुसरं काही नको होतं.

आता आमच्या लोकांची एक रीत ऐका. तपासणीच्या आधी जो कच्चा असेल त्याची ते रिव्हिजन घेतात. पुढाकार आमच्या शेजारच्या मॅडमजींचा. लुधियानाच्या शाळेत हेडमिस्ट्रेस होत्या, अजून आवाजात छडी आहे. एक दिवस दारात येऊन उभ्या. “भाभीजी, फिकर मत करो. भाईसाहब को हम उस पार नहीं जाने देंगे.” “रहने दीजिए, आपको तकलीफ होगी,” मी म्हटलं, तर त्यांनी मला मिठी मारली.

पत्ते बंद झाले, अंताक्षरी बंद झाली. अख्खा हॉल ह्यांच्याभोवती. एक जण खोलीचा नंबर घोकून घेतोय, एक बंगाली बाई ‘दादा, एक बार और’ करत बटणं लावून घेतायत. स्वतःचे हात थरथरतायत, कानाला यंत्रं लावलीयत, पण हुरूप असा की जणू नातवाची बोर्डाची परीक्षा आहे! पातेलं, पाणी, मग गॅस, असं सगळं त्यांनी एका चालीवर बसवलं. आणि आमचे हे चक्क शिकायला लागले. घरात मी वर्षभर डोकं फोडून घेतलं तेव्हा ढिम्म! मला इतका राग आला की एक दिवस ‘ह्यांना सर्दी झालीय’ म्हणून मी घरातच ठेवलं. तर सगळा वर्ग आमच्या खोलीत येऊन बसला, येताना आल्याचा काढा घेऊन. कुणाच्या मनाला शिवलंसुद्धा नाही की एखाद्या बाईला वेगळं काही हवं असेल. त्यांना स्वतःला उस पारची इतकी भीती, की दुसऱ्या कुणाला तिकडं सुटका दिसत असेल हे त्यांना कसं सुचावं?

तपासणीच्या दिवशी ह्यांनी नंबर बरोबर सांगितला. बटणं लावली. चहा केला, साखर जरा जास्त, पण केला. डॉक्टरनं विचारलं, “महीना कौन सा है?” मला हायसं वाटलं, कारण हे कुणी शिकवलं नव्हतं. ह्यांनी मान वर केली. “संक्रांत आली. काला अंबला जायचंय, पानिपतला.” मराठीत बोलले, पण साहेब निघाले नेमके पानिपतचे. खूश! लढाईत पडलेल्यांच्या आठवणीसाठी दर संक्रांतीला तिथल्या काला अंब स्मारकापाशी येणारे मराठी लोक त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

मग साहेब माझ्याकडे वळले. “आंटी, बस एक बात आपसे. आप सँभाल लेंगी ना?”

माझ्या एका ‘नाही’वर सगळं येऊन थांबलं होतं. मॅडमजी माझा हात दाबत होत्या. ती सगळी म्हातारी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं की उद्या त्यांच्यावर वेळ आली तर कुणीतरी असंच ‘हो’ म्हणावं.

“बिल्कुल,” मी म्हणाले.

घरी आल्यावर मी सिंकपाशी उभी राहून ढसाढसा रडले. लाडू घेऊन आलेल्या मॅडमजी म्हणाल्या, “खुशी के आँसू हैं, बहने दो,” आणि दार लोटून गेल्या. हे कॉटवर बसून लाडू खात होते. मी स्वेटरवर सांडलेला चुरा झटकायला वाकले, तर ह्यांनी माझं मनगट धरलं. नजर एकदम पूर्वीची. आमच्या ओळखीची.

“अगं,” ते म्हणाले, “नाही म्हणाली असतीस तरी चाललं असतं. मी राहिलो असतो तिकडं.”

मी तशीच, अनवाणी, गेटपर्यंत धावत गेले. रस्त्यावर साहेबांच्या गाडीची धूळ तेवढी उडत होती.

“अब तो अगले साल आएँगे, आंटी,” वॉचमन म्हणाला.