गोऱ्या खासदाराच्या नावावर खपवलेली वाक्यं

मी लिहावं असा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. लिहिणं म्हणजे अर्ज भरणं, एवढंच आम्हाला माहीत. तेव्हा कुठे चुकलं तर माफ करावं. पण उद्योग माझाच आहे, तर सांगायलाही मीच हवा.

दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या फाटकाजवळच्या फळ्यावर रोज सुविचार लिहायचं काम मला मिळालं. अक्षर बरं आहे, एवढंच कारण. काम दिलं राज्यशास्त्राच्या सरांनी. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेला कुणाला पाठवायचं हेही तेच ठरवत, आणि मला तिथे जायचं होतं. इतकं, की मी आंघोळ करतानाही भाषण करायचो आणि बाहेर बादल्या घेऊन उभी असलेली पोरं दार वाजवायची.

त्या दिवसांत इंग्रजी कानावर पडावं म्हणून मी मोबाईलवर एका म्हाताऱ्या ब्रिटिश खासदाराचे व्हिडिओ बघायचो. हा गृहस्थ गंभीर चेहऱ्याने काहीही बोलायचा. रेल्वेला उशीर का होतो असं विचारलं, की आपल्या कोंबड्या किती वेळेवर झोपतात ते सांगायचा. राजीनामा मागितला तर म्हणाला, आधी बायकोला विचारतो, कारण मग दिवसभर घरात मला सोसायचं तिलाच आहे. असली चार-पाच वाक्यं मी मराठीत करून फळ्यावर लिहिली. सुविचाराखाली नाव लागतंच, नाहीतर कुणाचा विश्वास बसत नाही. मी लिहायचो, ‘एक ब्रिटिश खासदार’. एरवी त्या फळ्याला पोरं सायकली टेकवायची. आता थांबून वाचू लागली, फोटो काढू लागली. तुझं वाचन चांगलं आहे, असं सर म्हणाले.

आठवड्याभरात खासदाराचं चांगलं बोलणं संपलं. उरलेले व्हिडिओ करांवर होते, त्यातलं मला काही कळेना.

मी प्रताप नगरात एका काकूंच्या मेसमध्ये जेवायचो. काकू मूळच्या काटोलकडच्या. पोळ्या लाटताना हातापेक्षा त्यांचं तोंड जास्त चालायचं. एका दुपारी एक उमेदवार दारात येऊन मतं मागून गेला. त्याची पाठ वळल्यावर काकू म्हणाल्या, “दोन्ही हात जोडनाऱ्या मानसाचं मले भेव लागते गा. चूक झाली त कान पकडाले एक हात त मोकळा ठेव.”

दुसऱ्या दिवशी हे वाक्य शुद्ध मराठीत फळ्यावर होतं. खाली ब्रिटिश खासदार.

खरं सांगतो, लाज वाटली नाही. उलट चटक लागली. भाजीत मीठ जास्त पडलं तर बाई पाणी ओतते आणि पुरुष कारणं ओततो, हेही काकूंचंच. तेही मी विलायतेला पाठवून दिलं. मग कळलं की हात जोडण्याचं वाक्य प्राचार्यांना फार आवडलंय आणि ते स्नेहसंमेलनाच्या भाषणात घेणार आहेत.

त्याच दिवशी सरांनी बोलावलं.

“इंग्लंडात हात जोडून मतं कधीपासून मागतात रे? आणि चुकले की कान पकडतात?”

ते गृहस्थ इकडे येऊन गेले असतील, असं मी म्हणून पाहिलं. कोणत्या साली, असं सरांनी विचारलं. मग मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. स्पर्धेची यादी शनिवारी लागेल, तोवर फळ्यावर खरं काय ते लिही, एवढंच म्हणाले.

काकूंना सांगणं त्याहून अवघड. त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

“मले सांग बाबू, तो गोरा कधी माह्या नावानं काही बोलला का?”

नाही म्हणालो.

“मंग मी काहून त्याच्या नावानं बोलून राहिली?”

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, किती लोकं वाचतात तो फळा. मी सांगितल्यावर त्या जरा नरमल्या. पण स्वतःचं नाव लिहू देईनात. सासरच्यांना वाटेल, मिठाचं त्यांच्यावरच आहे. आणि त्यांचा तो संशय बरोबर होता.

शेवटी मी दोन्ही वाक्यं पुन्हा लिहिली आणि खाली ‘प्रताप नगरातल्या मेसवाल्या काकू’ असं घातलं. खासदार मेला का, असं एकाने विचारलं. प्राचार्य फळ्यापुढे उभे राहिले, खिशातून डायरी काढली, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं आणि निघून गेले. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

शनिवारी यादी बघायला जायचं धाडस झालं नाही. मेसमध्ये सांबार निवडत बसलो. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. देठं ताटात आणि पानं केरात टाकतोय, हे काकूंनी दाखवलं तेव्हा समजलं. तेवढ्यात खोलीवरच्या मित्राचा फोन आला.

“लागली बे यादी. तुह्यं नाव आहे,” तो म्हणाला, आणि हसतच सुटला. कसाबसा थांबून त्याने पुढचं वाचून दाखवलं. माझ्या नावासमोर सरांनी लाल शाईने शेरा मारला होता: या विद्यार्थ्यास भाषणात परदेशी व्यक्तींची वाक्ये वापरण्यास मनाई आहे.