फोन कढईजवळ धर

आमच्या मजल्यावरच्या मावशी फोन उचलला की "काय करपलं?" असंच विचारायच्या. एका कारखान्याच्या उपाहारगृहात बावीस वर्षं त्यांनी चारशे माणसांचं जेवण रांधलं. गुडघ्यांनी साथ सोडली आणि नोकरी सुटली, तरी कान तयार होते. भात चिकट का होतो, अंड्याचं साल नीट का निघत नाही, मीठ आधी घालायचं की मागून, असलं विचारायला बायका दिवसभर फोन करायच्या. पाणी उकळलं हे ओळखायचं कसं, असं एका विधुर कारकुनाने विचारलं, त्यालाही मावशींनी न हसता समजावलं. हसल्या त्या फोन ठेवल्यावर.

त्यांची रीत अशी, की कुणी वर्णन करायला लागलं की त्या मध्येच तोडायच्या. "फोन कढईजवळ धर." कांद्यातलं पाणी आटेपर्यंत आवाज जाड असतो, मग बारीक होतो, तिथे आच कमी करायची. तेल किती तापलंय, हेसुद्धा त्या ऐकून सांगत.

दोन गल्ल्या पलीकडे एक शिवणकाम करणारी मुलगी राहायची. इतरजणी कसं करू विचारायच्या; ही विचारायची, बिघडलं तर काय करू. मीठ जास्त पडलंय, बारा मिनिटांत सुधारेल का? नवरा मालाची गाडी चालवायचा, दीडला जेवायला यायचा. एकदा माप घ्यायला ती आमच्याकडे आली, तेव्हा ओठाला टाके होते. तिथेच बसलेल्या मावशींनी कारण विचारलं. भात खाली लागला होता, म्हणाली ती. छत्री विसरले म्हणून भिजले, अशा सुरात.

मावशींनी मग तिचं मनावरच घेतलं. सहा महिने रोज फोन. हे प्रकरण भाताचं नाही, असं मी दोनदा सुचवून पाहिलं, तर माझ्यावरच उखडल्या. "पोट नीट भरलं की माणूस निवतो. तू घरातल्या चौघांना वाढतेस, मी चारशेंना वाढलंय." चिडून आलेले कामगार जेवून शांतपणे उठताना त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. मारसुद्धा त्यांना रांधण्यातलीच चूक वाटला, आणि चूक दुरुस्त करणं हे तर त्यांचं कामच. त्या काळात मुलीचं बोट मोडलं, एका कानाचा पडदा फाटला. दर वेळी मावशी विचारत, आज काय बिघडलं होतं? आणि ती बिचारी काहीतरी शोधून सांगायची.

त्या दुपारी मी मावशींकडे लसूण सोलत बसले होते. फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला. मुलगीही फोन तसाच कढईजवळ ठेवून मासे तळत होती. पहिली खेप नवऱ्याच्या ताटात पडली होती, दुसरीसाठी तेल तापत होतं. घास चावल्याचा आवाजही आम्हाला येत होता.

"छान झालंय," तो म्हणाला.

मावशींनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"शिकवलं कुणी? तुझ्या आईला पाणी तापवता येत नाही. कोण येतं घरात?"

पुढे ताट फरशीवर आपटलं. ती काहीतरी सांगू लागली, तेवढ्यात थप्पड बसली. मग डोकं फळीवर आदळलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा डबेही खाली आले. मग नुसती घरघर. तो गळा दाबत होता. आपल्या गुडघ्यांनी दोन गल्ल्या पार होणार नाहीत, हे मावशींना कळत होतं. मी चपला न घालता दाराकडे धावले, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. चाळीस शेगड्यांवरून पलीकडे पोचणारा तो आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

"कढई ओत त्याच्यावर. ओत."

मग चर्र, आणि पुरुषाची किंकाळी. ती थांबेना.

"आता दार उघड आणि पळ."

तिच्या घराच्या जिन्याखालीच ती मला भेटली. गळ्यावर बोटं उमटलेली, केसांतून रक्त, कढईच्या दांडीने तळहात पोळलेला. त्याचा खांदा, हात आणि अर्धी छाती सोलली गेली होती, पण तो जगला.

संध्याकाळी पोलीस अधिकारी आला. मुलगी म्हणत होती, मीच ओतलं, मावशींचा संबंध नाही. कढई उलटली म्हणा, असं मी मावशींच्या कानात पुटपुटले. त्यांनी माझा हात झटकला.

"तिचा श्वास बंद होत होता. मी सांगितलं, ओत. लिहून घ्या."

त्याने लिहिलं, सहीसाठी कागद पुढे केला. मावशींनी पेन घेतलं नाही.

"अजून आहे. सहा महिने ती मार खात होती आणि मी तिला मासे तळायला शिकवत होते. तेही लिहा."

जबाबात त्याची गरज नाही, असं तो म्हणाला. त्या हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. शेवटी त्याने पुन्हा लिहायला घेतलं.