ओढ्यापलीकडची विहीर

गेवराईच्या दक्षिणेला एक दगडाची खदान होती. खोल गेल्यावर तिच्यात पाणी लागलं, आणि मालक मोटारी लावून ते खालच्या अंगाला ओढ्यात सोडू लागले. त्या उपशानं आसपासच्या विहिरी आटतील का, हे सांगायचं काम त्यांनी माझ्याकडं दिलं. जमिनीखालचं पाणी आणि ओढ्याचं पाणी यांचं गणित संगणकावर मांडणं हाच माझा व्यवसाय.

गणितात ओढ्याअलीकडच्या, खदानीच्या बाजूच्या विहिरी उतरत होत्या, पलीकडच्या नाहीत. तसा अहवाल मी दिला. खदानीच्या कचेरीतून निघताना दारात एक बाई उभ्या होत्या. घरचे ऊसतोडीला गेलेले, गुडघ्यामुळं त्या मागं राहिलेल्या. त्यांचं शेत ओढ्यापलीकडं.

"ताई, माझ्या हिरीचं पाणी कावून उतरतंय?"

"मावशी, खदानीचा परिणाम तिथवर पोचत नाही."

"बाजारच्या दिवशी मोटारी बंद असत्यात. त्या दिवशी एक पायरी बुडती. दुसऱ्या दिवशी परत उघडी. मी रोज बगते की."

माझा विश्वास बसला नाही. तरी मालकांना विनंती करून दोन दिवस उपसा थांबवला आणि टेप घेऊन त्यांच्या विहिरीवर बसले. पाणी चढत गेलं. मोटारी सुरू झाल्या तसं उतरलं.

मग खदानीत उतरून भिंती नीट पाहिल्या. एका बाजूला उभी फट होती, तिच्यातून पाणी पाझरत होतं. फटीचा रोख ओढ्याखालून थेट मावशींच्या शेताकडं. गणितात मी सगळा कातळ एकसारखा, बिनफटीचा धरला होता.

"मागचा अहवाल चुकला," मी मालकांना सांगितलं.

त्यांनी जुना अहवाल माझ्यापुढं सरकवला. "तुमी लेखी दिलंय, ताई."

"आता दुसरं लेखी देते."

मला लाज वाटत होती, पण ती दाखवायची ही जागा नव्हती. नव्या गणितातून एक उपाय निघाला: उपसलेलं पाणी हौदात निवळू देऊन ओढ्याच्या वरच्या अंगाला, फटीच्या अलीकडं सोडायचं, म्हणजे वाहताना ते फटीत मुरून विहिरीकडं जाईल. पाइप टाकायला मालकांनी बरीच टाळाटाळ केली, शेवटी टाकला.

मावशींच्या विहिरीला पाणी आलं, पण पूर्वीइतकं नाही. नेहमीच्या भाजीचा नाद सोडून त्यांनी त्या वर्षी कमी पाण्यात येणारं, चाऱ्याचं कडवळ पेरलं. पुढच्या खदानीचं काम मालकांनी दुसऱ्या कुणाला दिलं.