काळी न पडलेली बाटली

आमच्या पाणी तपासणीच्या लॅबमध्ये किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. सँपलच्या बाटल्या येतात, तसे तेही येतात. बाटल्या निदान धुऊन ठेवता येतात, किस्से तसेच साचत राहतात! रायपूर राजधानी झाल्यापासून काम वाढलं, माणसं वाढली, त्यामुळे साठाही वाढला. चहा आला की कोणीतरी म्हणतं, "ते सांग ना, त्या दिवशीचं," आणि मग अर्धा तास कोणी जागचं हलत नाही.

आमचे बोबडे साहेब मूळचे भंडाऱ्याचे. एकदा एक गावकरी विहिरीचं पाणी घेऊन आला, तोही दारूच्या बाटलीत. साहेबांनी बूच काढलं, वास घेतला आणि बूच परत लावलं.

"साहब, पानी कैसा है?"

"पानी का तो नहीं बता सकता दादा, लेकिन आपकी शाम अच्छी गई है!"

गावकरीही हसला. साहेबांनी त्याला उकळलेली बाटली दिली, सँपल कसं घ्यायचं ते करून दाखवलं आणि परत पाठवलं. त्याच्या मागे आम्हाला म्हणाले, "ध्यानात ठेवा. रिपोर्टमंधी तेवढंच असते जेवढं आपण तपासलं. बाकीचं पाण्यातच राह्यते." आम्ही माना डोलावल्या. माना डोलवण्यात आमची लॅब पहिल्यापासून हुशार आहे.

*

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात एका लग्नाला आम्ही सगळे एका पंगतीत बसलो होतो. साहेबांनी सवयीने पाण्याचा ग्लास उजेडात धरला. त्यांचं पाहून आम्ही सहाही जणांनी धरला! केटररच्या तोंडचं पाणी पळालं. तो धावत आला, "साहब, क्या निकला?" आणि आमच्यापुढचे सगळे ग्लास उचलून सीलबंद बाटल्या ठेवून गेला.

निघालं काहीच नव्हतं. पण त्या दिवशी मुकुंदा जे म्हणाला ते मला आठवतं. "आपल्याले पाणी काय करन बे? आपण तं पाण्याचे डॉक्टर!"

*

मुकुंदा म्हणजे माझा शेजारच्या टेबलावरचा मित्र. लॅबला कयाकचं वेड लावलं ते त्यानेच. शहराबाहेरच्या तलावावर वल्हवायच्या त्या चिंचोळ्या होड्या आल्या, आणि पहिल्याच रविवारी तो आम्हाला घेऊन गेला. स्वतः अर्धा तास एकाच जागी गोल गोल फिरत होता.

काठावरचा माणूस ओरडला, "भैया, आगे क्यों नहीं जा रहे?"

"सँपलिंग चल रही है!" मुकुंदा आतून ओरडला.

हे हसण्यावारी गेलं, पण त्याच्या घरी हे ठाऊक नव्हतं. त्याच्या बायकोचा, शुभांगीवहिनींचा धाकटा भाऊ वैनगंगेत बुडून गेला होता. लग्नानंतर त्यांनी मुकुंदाला आपल्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती की नदीतलावात उतरणार नाही. म्हणून दर रविवारी घरी 'फील्ड सँपलिंग' असायचं. आम्ही सगळे त्या खोट्यात सामील होतो, आणि आम्हाला त्यात गंमतच वाटायची.

*

मग अंदमानची टूर ठरली. मुकुंदा, मी आणि ऑफिसातले दोघं. घरी त्याने सांगितलं, सरकारी ट्रेनिंग आहे.

तिथल्या एका बेटावर जंगलातून येणारी गोड्या पाण्याची नदी होती. तिच्यात कयाक चालवायचे. आता पाण्याचे लोक सुट्टीवर जाताना काय नेतील? मुकुंदाने बॅगेतून आमची ती छोटी तपासणीची बाटली काढली. तिच्यात पाणी भरून ठेवायचं. घाण मिसळली असेल तर दीड-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. आल्या दिवशीच त्याने नदीचं पाणी भरून लॉजच्या खिडकीत ठेवलं. दोन दिवस आम्ही चहाआधी ती बाटली पाहायचो. काळी पडली नाही.

तिसऱ्या दिवशी नदीवर गेलो. आदल्या रात्री पाऊस झाला होता, पाणी गढूळ होतं. कयाक ओढताना मुकुंदाची नडगी दगडावर चांगली खरचटली. तिथला गाईड म्हणाला, "कटा है तो आज मत उतरो भैया. ऊपर सूअर हैं, चूहे हैं, बारिश में सब इसी में आता है. हमारे यहाँ इससे बुखार होता है."

मुकुंदाने खिशातून ती बाटली काढून त्याच्या डोळ्यांपुढे धरली. "ये देख! पास है."

गाईडने बिचाऱ्याने वल्हं त्याच्या हातात दिलं. मीही हसलो. ज्या तापाबद्दल तो बोलत होता, त्याचा जंतू उंदीर-डुकरांच्या लघवीतून पाण्यात येतो, जखमेतून अंगात शिरतो आणि ती बाटली तो दाखवतच नाही, हे मला शिकवलेलं होतं. नोकरीच्या परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. मग मुकुंदा दोनदा उलटला, नाकातोंडात पाणी गेलं, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

*

परत आल्यावर आठव्या-नवव्या दिवशी मुकुंदाला थंडी वाजून ताप आला. आमच्याकडे ताप म्हटलं की आधी मलेरिया. तो निघाला नाही, डेंग्यूही नाही. डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की चादर लागली तरी ओरडायचा. त्याला ॲडमिट केलं.

डॉक्टरांनी माझ्यासमोर विचारलं, "नदी, तालाब, कहीं पानी में उतरे थे?"

वहिनी पलंगाशी फाइल धरून उभ्या होत्या. मुकुंदाने माझा हात दाबला आणि म्हणाला, "नहीं सर. ट्रेनिंग थी. हॉल में."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले आणि लघवी जवळजवळ बंद झाली. लॅबमध्ये साहेबांनी एवढंच विचारलं, "डॉक्टरले नदीचं सांगितलं का?" मी टेबलावरच्या बाटल्या सरळ करू लागलो. साहेबांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "जलमभर लोकाईच्या पाण्याचं खरं सांगता, अन् स्वतःच्या पाण्याचं खोटं बोलता? जा आधी!"

मी स्कूटर काढली. सदर बाजारच्या गर्दीत अडकलो, तेव्हा रडू आलं. दवाखान्यात पोचून कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांना सगळं सांगितलं, नदी, पाऊस, खरचटलेली नडगी.

"कल क्यों नहीं बोले?" त्यांनी विचारलं. उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत, आत जाऊन त्यांनी लगेच इंजेक्शन सुरू केलं. त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते.

*

मुकुंदाला डायलिसिस लागलं. दहा-बारा दिवस काही खरं नव्हतं. मग एका सकाळी लघवी उतरली आणि आख्ख्या लॅबने पेढे खाल्ले! पेढे कशाचे, ते पंडरी भागातल्या मिठाईवाल्याला आम्ही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी मी डबा घेऊन गेलो. मुकुंदा उशीला टेकून बसला होता, गळ्याची हाडं दिसत होती. वहिनी मोसंबी सोलत होत्या. मी होतो म्हणूनच की काय, त्याला धीर आला.

"शुभा, मी तुले खोटं सांगितलं. ट्रेनिंग नव्हती."

"मले ठाऊक आहे," वहिनी म्हणाल्या. "आल्या दिवशीच ठाऊक होतं. बॅग उघडली तं चड्डीले गाळाचा वास. हॉलमंधी गाळ असते का?"

मुकुंदा हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. मलाच राहवलं नाही.

"वहिनी, मग डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तुम्ही काहून नाही सांगितलं?"

त्यांनी मोसंबीची फोड त्याच्या हातावर ठेवली.

"हे स्वतः सांगतीन म्हणून वाट पाहून राहिली होती."