सामाईक बांधातला लाल भात

माझा चुलतभाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि बाकी सगळ्या बाबतींत त्याहून जास्त. तो बदलापूरपलीकडे गावात राहून शेती करतो. मी अंबरनाथ पश्चिमेला राहतो, शहाडला नोकरी करतो आणि रविवारचा शेतकरी असतो. आमची खाचरं शेजारी, मध्ये एकच सामाईक बांध. त्या बांधापलीकडचं काहीही मला कधी सुखानं बघवलेलं नाही.

त्याच्याकडे नाही अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती: वडिलांनी जपलेलं लाल भाताचं बियाणं. गावात दुसऱ्या कुणाकडे ते उरलं नव्हतं. नवा तांदूळ पहिल्यांदा रांधायचा त्या दिवशी भाऊ तो आमच्याकडून मागून न्यायचा. वर्षातला तेवढा एक दिवस मी त्याच्याशी फार गोड बोलायचो. गेल्या साली माझं खाचर त्याच्यापेक्षा दाट दिसावं म्हणून घरातलं होतं नव्हतं ते सगळं बियाणं मी पेरून टाकलं. मूठभरही मागे ठेवलं नाही.

त्याच साली उंदरांनी गावाला जेरीस आणलं. कणग्यांना भोकं पडली, गोधड्यांतून पिल्लं निघाली, बायका पोरांच्या पायांत मोजे चढवून त्यांना निजवू लागल्या. शिरगावकडे इमारतींसाठी जमिनी उकरल्या, तेव्हापासून ही जमात इकडे सरकली, असं भावाचं म्हणणं. आणि गावात म्हणणं त्याचंच चालतं. त्यानं ठरवलं, एका रविवारी सगळ्यांनी मिळून सगळे बांध साफ करायचे. एका बिळाच्या तोंडाशी मडक्यात पेंढा आणि सुक्या मिरच्या पेटवायच्या, बाकीच्या बिळांपाशी काठ्या घेऊन उभं राहायचं. एकट्यानं केलं तर उंदीर नुसतं घर बदलतात, म्हणाला. लोक त्याला उंदीरमास्तर म्हणायला लागले, तेही आदरानं. मला आजवर कुणी कसलाच मास्तर म्हटलेलं नाही.

त्याचा फोन आला. "रविवारी सकाळी ये. तू आल्याशिवाय सामाईक बांध कसा उकरायचा?"

"ड्युटी आहे, दादा."

"रविवारी?"

"ओव्हरटाइम."

त्या रविवारी मी उल्हासनगरच्या बाजारात उंदीर पळवायचं बॅटरीवरचं यंत्र घेत होतो. त्याचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, उंदराला सोसत नाही, असं खोक्यावर छापलेलं. दुकानदार प्रामाणिक होता. "साईं, ये घर के अंदर का आइटम है. खेत का मेरे को नहीं मालूम." मी म्हटलं, उंदराला काय माहीत घर की खेत. संध्याकाळी काठीला बांधून, वर प्लास्टिकची पिशवी चढवून ते खाचरात रोवलं आणि लांब उभा राहून भावाच्या खाचराकडे बघत बसलो. उंदीर तिकडे निघाले की नाही, एवढंच बघायचं होतं.

माझा लाल भात हळवा, सगळ्यांच्या आधी पिकणारा. भावाचा अजून हिरवाच होता. गावातले सगळे बांध धुरानं साफ झालेले, राहिला फक्त आमचा सामाईक. उरलेसुरले उंदीर तिथे जमले आणि समोर माझं पिकलेलं ताट. पंधरा दिवसांनी गेलो तर रोपं उभी, लोंब्या गायब. न्हाव्यानं वस्तरा फिरवल्यासारखं खाचर. यंत्राच्या काठीखालीच एक ताजं बीळ होतं.

भाऊ आला. हसला असता तर बरं वाटलं असतं.

"झाला ओव्हरटाइम?" म्हणाला आणि कुदळ घेऊन आला. "आता आहेस ना तू? मग उकरू."

बिळाचं तोंड माझ्या बाजूला, पण भुयार बांधाखालून त्याच्याकडे गेलेलं. त्याच्या बाजूला हातभर खाली कोठार लागलं. लाल लोंब्या एकावर एक नीट रचलेल्या. माझ्या कणगीत इतकी शिस्त कधी नव्हती. त्यानं मातीतला दाणा न् दाणा वेचून घमेल्यात टाकला. त्यानं एखादी मूठ खिशात घालावी अशी मी आशा करत होतो, म्हणजे निदान वर्षभर धुसफुसता आलं असतं. घातली नाही.

घरी घमेलं बघून माझी आई म्हणाली, "उंदरांना पण कळतं हो, कुणाच्या बांधात ठेवायचं ते."

तिनं तो भात वाळवला, निम्मा माझ्यासाठी बांधला आणि निम्मा भावाच्या घरी पाठवला. "एकाच्याच भरवशावर नको," म्हणाली. कुणाच्या, ते विचारायची गरज नव्हती. नव्याच्या जेवणाला त्या साली भावाचा पांढरा तांदूळ रांधला. पातेलं घेऊन मागायला मीच गेलो होतो. त्यानं शिगोशीग भरून दिलं आणि वर चहा पाजला. तो चहा अजून पचलेला नाही.

यंदा लाल भात दोन्ही खाचरांत आहे. त्याचा माझ्याहून वीतभर उंच. दर रविवारी मी बघतो, कमी काही होत नाही. बांध साफ करायला मात्र सगळ्यांच्या आधी मडकं घेऊन मी हजर होतो. सामाईक बांधात त्याच्या बाजूला तीन बिळं निघाली, माझ्या बाजूला एक. त्या दिवशी दुपारची भाकरी फार गोड लागली.