बाराचे चार

माझी धाकटी बहीण गेली त्याला आज सोळा दिवस झाले. कडेगावात तिच्या सासरी भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "दमली होती बिचारी." ते ऐकलं की मला संताप येतो. दमून माणूस मरतं का?

दोन वर्षं ती दमलेली होती. चार पायऱ्या चढून थांबायची. कच्चे तांदूळ मूठमूठ खायची. तिच्या सासूबाई म्हणायच्या, "आमी न्हाई का राबलो? आताच्या पोरींना लय लवकर दम लागतोय." नवरा फौजेतून सुट्टीवर येताना टॉनिक आणायचा. आणि मी, सांगलीच्या कॉलेजातली ग्रंथपाल, मी तिला झोपेवरचं एक पुस्तक दिलं. पुस्तक! या रागातून मी स्वतःला वगळलेलं नाही.

त्या घरात पाळी आली की बाईनं चार दिवस बाजूला बसायचं आणि पाचव्या दिवशी न्हाऊन चुलीकडे जायचं. बहिणीचं बारा-बारा दिवस जायचं. तितके दिवस बसली तर भाकऱ्या कोण थापणार? म्हणून ती पाचव्या दिवशी न्हायची आणि "झालं" म्हणायची. एकदा असं म्हटल्यावर खरं सांगायची सोयच उरली नाही. देवाचा नैवेद्य विटाळात रांधला, हे कोण ऐकून घेणार होतं?

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी किती दिवस?" सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. ती म्हणाली, "चार." रक्त तपासायला लिहून दिलं होतं. ते घरच्यांनी ऊस कारखान्याला जाईपर्यंत पुढं ढकललं. तपासलं तेव्हा अंगात रक्तच उरलं नव्हतं, आणि हृदय थकून गेलं होतं. बारा दिवसांचं तिनं मला दवाखान्यातल्या खाटेवर सांगितलं. वर म्हणाली, "कुणाला बोलू नकोस, ताई."

मी बोलले नाही. काल दुपारपर्यंत.

काल भाची वहीवर डोकं टेकून झोपली होती. पंधरा वर्षांची पोर. उठवली तर तोंडात कच्चे तांदूळ. आजी कौतुकानं म्हणाली, "आईवर गेलीया."

मी विचारलं, "तुझं किती दिवस जातं गं?"

तिनं आधी आजीकडे पाहिलं. "चार, मावशी."

"आवं ताई, दुःखाचं घर हाय," सासूबाई दारात येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या. "भाईर सोप्यात बापय माणसं बसल्यात."

"बसू द्यात. ऐकू द्यात." माझा आवाज इतका चढलेला मीच कधी ऐकला नव्हता. "हिच्या आईचं बारा दिवस जायचं. दर महिन्याला. बारा दिवस अंगावरून जात असताना ती तुम्हाला भाकरी वाढत होती. आता तू सांग, पोरी."

सोप्यातले सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. भाचीचे ओठ तिच्या नखांइतकेच पांढरे होते.

"धा," ती म्हणाली.

"चपला घाल," मी म्हटलं. "सांगलीची एसटी आहे आत्ता."

सासूबाई दारातून बाजूला झाल्या.