ऊस देशाचा पत्ता

नव्वदच्या दशकाच्या मध्यात मी दुबईत ऊद मेथा भागात राहायला आलो. एका सर्व्हे कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. रास अल खैमाच्या डोंगरात सिमेंटसाठी चुनखडी कुठे फोडायची, याचे नकाशे आम्ही काढत असू. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिलाच. वडील साखर कारखान्यात गव्हाणीत उसाच्या मोळ्या टाकायचे. मी भूगोल घेऊन बी.ए. झालो तेव्हा त्यांनी कारखान्यात पेढे वाटले. भूगोलाची नोकरी असते, यावर मात्र त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

खालच्या मजल्यावर नगरकडच्या एक ख्रिस्ती बाई राहायच्या. आठवडाभर शाळेत शिकवायच्या आणि शुक्रवारी मराठी मंडळीच्या, म्हणजे तिथल्या मराठी चर्चच्या, मुलांची संडे स्कूल घ्यायच्या. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारची शाळाही शुक्रवारी भरे. त्याचं कोणालाच नवल वाटत नसे.

एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "भाऊ, तुम्ही नकाशे काढता ना? मला एक हवाय. बायबलमधली गावं आज कुठे आहेत, ते दाखवणारा."

मी हो म्हटलं, तेव्हा त्यांनी खरं कारण सांगितलं. वर्गात नऊ मुलं. बाई मराठीत विचारत आणि मुलं इंग्रजीत उत्तर देत. मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, समोर असायचं, पण ते कोणी उघडत नसे. मंडळीच्या पंचांनी त्यांना कळवलं होतं की, मुलं मराठी वाचतच नसतील तर हा वर्ग इंग्रजी वर्गात मिसळून टाकू. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी एक पंच स्वतः बघायला येणार होते. बाईंनी हा वर्ग सहा वर्षं चालवला होता. भिंतीवर नकाशा असला तर मुलं निदान नावं वाचायला उठतील, अशी त्यांना आशा होती.

त्यांनी मला यादी दिली. डावीकडे इंग्रजी नावं, उजवीकडे मराठी. मी ती ऑफिसात नेली. शेजारच्या टेबलावर जॉर्डनचा एक वयस्क सर्व्हेअर बसायचा. त्या मुलखातला हा एकच माणूस माझ्या ओळखीचा. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, "टायर कुठे आहे?"

"टायर?" तो म्हणाला. "गॅरेजला जा, हबीबी."

मी म्हटलं, हे जुनं शहर आहे, समुद्राकाठचं. त्याने मान हलवली. दोन-तीन नावं अशीच वाया गेली. मग सहज मी उजवीकडचं मराठी नाव वाचलं, "सोर."

"सूर!" त्याने हातातली खुबूसची रोटी खाली ठेवली. "मग सूर म्हण ना. लेबनानात आहे. मासे खायला जावं तर तिथेच."

मी सीदोन म्हटलं, तो म्हणाला सैदा. निनवे म्हटलं, तर म्हणाला नैनवा, इराकात, मोसुलला लागून. यरीहो म्हटल्यावर तो हसायलाच लागला. "अरीहा! माझी मावशी राहते तिथे. तुझ्या गावात माझ्या मावशीच्या गावाचं नाव कोणी नेलं?"

 माझ्या तालुक्याच्या भाषेतलं नाव त्याला ऐकताक्षणी कळत होतं, याचा मला फार अभिमान वाटला. आठ दिवस आमचं जेवण असंच चाललं. मी मराठीत वाचायचो, तो अरबीत पत्ता सांगायचा. तरी मी प्रत्येक जागा ऑफिसच्या ॲटलासमध्ये तपासून मगच ठिपका देत होतो.

एकच नाव मी कोणालाही विचारलं नाही. यादीच्या शेवटी नुसतं मराठीत 'ऊस देश' असं लिहिलं होतं. उसाबद्दल मी दुसऱ्याला काय विचारायचं? उसाला पाणी लागतं, काळी जमीन लागते. नकाशावर तशी जागा एकच दिसली, इराकच्या दक्षिणेला, दोन नद्या एकत्र येतात तिथे. मी तो भाग हिरवा रंगवला आणि हौसेने दोन तुरेही काढले.

शेवटच्या शुक्रवारी नकाशा भिंतीवर लागला. पंच मागच्या खुर्चीवर, हाताची घडी घालून. मुलं उठून जवळ आली, पण बोलत होती इंग्रजीतच. एका मुलाला शाळेतली अरबी आठवली. "बैत म्हणजे हाउस, लहम म्हणजे मीट. सो बेथलेहेम इज अ बुचर शॉप?" बाई म्हणाल्या, "अरे, जुन्या भाषेत भाकरीचं घर." सगळे हसले. पंच हसले नाहीत.

मग दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने हिरव्या भागावर बोट ठेवलं. "अंकल, व्हाय इज इट ग्रीन?"

"ऊस आहे ना तिथे," मी म्हणालो.

"ऊस म्हणजे?"

"शुगरकेन."

बाईंनी कपाळाला हात लावला. मुलगी मात्र गप्प बसली नाही. "नो, अंकल. तिथे कॅमल्स आहेत." मी म्हणालो, शुगरकेनच. ती तडक टेबलाकडे गेली, तिने मराठी शास्त्र उघडलं, पानं उलटून ऊस देशातल्या श्रीमंत माणसाची गोष्ट काढली आणि बोट ठेवून वाचू लागली, "सात… हजार… मेंढरं. तीन हजार… उंट." तिने वर पाहिलं. "अंकल, उंट उसात राहतात?"

दुसरा मुलगा तिच्या खांद्यावरून वाकला. त्याने पुढची ओळ वाचली, अडखळत. तिसऱ्याने त्याचा उच्चार सुधारला. रानाकडून, म्हणजे ओसाड मुलखातून, आलेल्या वाऱ्याने घर पाडलं, हेही त्यांनी शोधून काढलं. "बघा, डेझर्ट आहे!" पाच मिनिटांत नऊच्या नऊ मुलं एका पुस्तकावर वाकली होती आणि मला मराठीतून खोटं पाडत होती.

मी हार मानली. बाईंनी सांगितलं की ऊस हे नुसतं नाव आहे, त्याचा उसाशी काही संबंध नाही. तो देश नेमका कुठे होता, हे जाणकारांनाही पक्कं ठाऊक नाही. कोणी जॉर्डनच्या दक्षिणेला मानतात, कोणी दमास्कसच्या बाजूला. मुलांनी मला दोन्हीकडे प्रश्नचिन्ह काढायला लावलं.

पंच उठून नकाशापाशी आले. त्यांनी सोर, सीदोन, यरीहो अशी नावं स्वतःशीच वाचली.

"वर्ग चालू द्या, बाई," ते म्हणाले. "आणि या नकाशाची एक प्रत इंग्रजी वर्गालाही लागेल."

"प्रत कशाला?" बाई म्हणाल्या. "ती मुलंच इकडे पाठवा."